खारेपाटचा बांध

जामखेडच्या माणसाला बांध म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पाऊस बेताचा, तेव्हा शिवारात पडलेले पाणी अडवून धरील तो बांध, ही आपली व्याख्या. पण याच महाराष्ट्रात पाणी आत येऊ नये म्हणून बांध घालणारे शेतकरी आहेत. रायगड जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यात, धरमतर खाडीच्या बाजूला शहापूर, धेरंड, चरी अशी गावे आहेत. या मुलखाला खारेपाट म्हणतात. तो आपल्याला अगदीच परका नव्हे. त्याच तालुक्यातले चौल हे नगरच्या निजामशाहीचे बंदर. १५७० साली मुर्तजा निजामशहाने तिथल्या पोर्तुगीज ठाण्याला वेढा घातला होता. लढायांचा हा इतिहास आपण मुलांना शिकवतो. बांधांचा मात्र कोणी शिकवीत नाही.

खारेपाटची जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली आहे. भोवती मातीचा बांध आणि त्यात जागोजागी उघाडी, म्हणजे झडपेचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबले की झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून खाडीत जाते. मोठी सोपी आणि शहाणपणाची युक्ती! पण बांधाला खेकडे बिळे पाडतात, माती ढासळते, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री खांड जाते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवर भात धड येत नाही. म्हणून घरटी माणूस देऊन गावे बांध राखीत. या सामुदायिक कामाला तिकडे जोळ म्हणत.

राबणाऱ्यांची ही जमीन खोतांच्या ताब्यात होती. १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने चरी आणि आसपासच्या गावच्या कुळांनी ती कसायचेच नाकारले. संप १९३९ पर्यंत चालला. मधल्या काळात, १९३७ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आला, कसणारा मालक झाला. १९४८ सालीच खार जमिनींचाही कायदा झाला आणि १९७९ साली दुसरा. बांधांची कामे सरकारी खात्याकडे गेली. खात्याकडे पैसा असतो, हे खरे. पण खांड रात्री जाते आणि मंजुरी सवडीने येते! जोळ मोडली ती परत नीट बसली नाही, असे माझे मत आहे.

आता समुद्रच बदलतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. म्हणजे जवळजवळ वीतभर. वीतभर ती काय, असे आपल्याला वाटेल. पण उधाणाचे पाणी बांधाच्या माथ्याला टेकलेले असते, तिथे वीतच निकाल लावते. शिवाय ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. खांड बुजली नाही की शेतात तिवरे उगवतात. बांधाबाहेरची तिवरे लाटा अडवतात, ती हवीतच. बांधाच्या आत वाढली की मात्र शेतकरी अडकतो; कारण मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यास मनाई केली. सातबारा आपला, आणि आत शिरायची सोय नाही.

अशा जमिनीत कोळंबी का करू नये? देशात १९९० नंतर पुष्कळांनी केली. १९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने तळीच्या तळी बसली. पाठोपाठ ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीच्या नियंत्रित क्षेत्रात पारंपरिक पद्धतीखेरीज कोळंबीशेती बंद केली. पुढे २००५ साली कायदा होऊन नोंदणी व नियमांखाली ती चालू राहिली. तरी कोळंबी नाजूक. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो; ढगफुटीसारखा पाऊस आला की तळ्यातला खारेपणा एकदम उतरतो, आणि माल हातचा जातो.

खारेपाटच्या शेतकऱ्याकडे याला जुने उत्तर होते : जिताडा. हा मासा जन्मतो खाऱ्या पाण्यात, पण लहानपणी खाडीतून गोड्या पाण्याकडे चढतो. दोन्ही पाणी त्याला मानवते. पावसाळ्यात खाडीतली पिल्ले धरायची, भातशेतीजवळच्या तळ्यात सोडायची आणि बारीक मासळीवर वाढवायची. गंमत अशी की तो आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो! त्यामुळे पैदास करणे किचकट. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ साली ती साधली. तेव्हापासून नुसत्या खाडीच्या भरवशावर राहण्याचे कारण उरले नाही.

आपल्याकडे शेततळे उन्हाने आटते, तिकडचे भरतीने बुडते. जिताडा खारे पाणी सोसतो, पण त्या पाण्याबरोबर तळ्यात थांबत नाही. बाहेरच्या बांधाला खांड गेली की उधाण तळ्याच्या काठावरून फिरते, आणि दोन वर्षे पोसलेला मासा एका रात्रीत खाडीला लागतो.