पौ हाना

मंडळी, या वेळचा विषय वाचून आमचे काही जुने सहकारी भुवया उंचावतील. सुशी बार आणि हॅपी अवर! पण वर्षानुवर्षं इतिहास शिकवलेल्या बाईला कुठे फळा दिसला की तो वाचावाच लागतो, आणि वाचला की त्याच्यामागे काय आहे हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. त्याला इलाज नाही.

२०१९ साली लेक-जावयाबरोबर हवाईतल्या माउई बेटावर चार दिवस होते. जागेचं नाव कानापाली. समुद्राकाठी एकाला लागून एक रिसॉर्ट. त्यातल्याच एकात साधासा सुशी बार होता. लाकडी काउंटर, उंच स्टुलं आणि समुद्रावरून ओल्या केसांनी तसेच आलेले लोक. दाराशी फळा : ‘पौ हाना, ४ ते ६’. या दोन तासांत सुशी आणि बिअर स्वस्त. जावई म्हणाले, "आई, हा इथला हॅपी अवर." पण ‘पौ हाना’चा अर्थ तो नव्हे. हवाईच्या भाषेत पौ म्हणजे संपलं, हाना म्हणजे काम. काम संपलं, सुटी झाली!

आधी इंग्रजी शब्दाचं सांगते. हॅपी अवर जन्माला आला तो अमेरिकन नौदलात, आणि दारूशी त्याचा काही संबंध नव्हता. १९१३ च्या सुमारास ‘आर्कान्सा’ नावाच्या युद्धनौकेवर खलाशांच्या करमणुकीसाठी मुष्टियुद्ध, गाणीबजावणी असे कार्यक्रम होत, त्यांना हे नाव होतं. पुढच्याच वर्षी नौदलाने जहाजांवर दारूबंदी केली, तरी हॅपी अवर चालूच राहिला. स्वस्त पेयांचा अर्थ त्याला नंतर चिकटला. गंमत म्हणजे त्याच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८४ मध्ये अशा सवलतींवर बंदी घातली.

आता सुशी. मी शाकाहारी, त्यामुळे माझ्या वाट्याला काकडीची गुंडाळी आली. तिला कप्पा-माकी म्हणतात. कप्पा हा जपानी नदीतला एक खट्याळ भुताटकीचा प्राणी, त्याला काकडी फार प्रिय. तेव्हा त्या दिवशी मी आणि कप्पा एका पंगतीला!

सुशी मुळात ताज्या माशाची नव्हेच. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन् महिने आंबवायचा, खाताना भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. मासा टिकवण्याची ती युक्ती. जपानच्या बिवा सरोवराकाठी अजून तशी फुनाझुशी करतात. पुढे एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या लोकांना इतका धीर राहिला नाही. भाताला आंबटपणा यायला वाट कशाला बघायची? व्हिनेगर घाला! हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन यांनी १८०४ मध्ये साकेच्या चोथ्यापासून स्वस्त व्हिनेगर करायला सुरुवात केली, आणि १८२० च्या दशकात हानाया योहेई यांनी हाताने वळलेली निगिरी सुशी लोकप्रिय केली. रस्त्यावरच्या टपरीवर कामकरी माणूस उभ्याउभ्या दोन घास खाऊन पुढे जाई. आपल्या गिरणगावातल्या वडापावचीच ही जपानी बहीण. सरकत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ ची, ओसाकाकडची. शिराइशी योशिआकी यांना ती कल्पना बिअरच्या बाटल्यांच्या कारखान्यातला पट्टा पाहून सुचली.

पण मला थांबवलं ते ‘पौ हाना’ने. कानापाली १९६० पर्यंत रिसॉर्ट नव्हतंच. ती पायोनियर मिलची जमीन, आणि पिकं उसाची. आज जिथे लोक पोहतात तिथे साखर बोटीत भरायचा धक्का होता. पहिली हॉटेलं १९६२-६३ ला आली. शेजारच्या लाहैना गावातली मिल १९९९ मध्ये बंद पडली, तिचं उंच धुराडं मात्र उभं आहे. मिलचा भोंगा झाला की पौ हाना.

हा ऊस तोडायला माणसं आणली ती जपानमधून. पहिली तुकडी १८६८ ची. सरकारी कराराने ‘सिटी ऑफ टोकियो’ जहाज १८८५ च्या फेब्रुवारीत होनोलुलूला लागलं, त्यात नऊशेहून अधिक माणसं होती. करार तीन वर्षांचा. पुरुषाला महिना ९ डॉलर आणि जेवणाचे ६. शेतात दिवसाला दहा तास, महिन्याला सव्वीस दिवस. प्रत्येकाला पत्र्याचा नंबराचा बिल्ला, त्याला ‘बांगो’ म्हणत. मुकादम नावाने नाही, नंबराने हाक मारी. दुकानातली उधारीही नंबरावरच. बायका उसाचं पाचट सोलत आणि सोलता सोलता गाणी म्हणत, ती ‘होले होले बुशी’. नवरा, मुकादम, परतीची बोट, सगळं त्यात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची मला आठवण झाली. १९०९ मध्ये ओआहू बेटावर जपानी मजुरांनी संप केला. त्यांना महिन्याला १८ डॉलर आणि त्याच कामाला पोर्तुगीज मजुराला साडेबावीस, हे त्यांना सहन होईना. संप मोडला, पुढारी तुरुंगात गेले, आणि नंतर मजुरी मात्र मुकाट्याने वाढवली गेली.

हे मला का लागलं ते सांगते. मी ज्या भागात शिकवत होते तिथे दिवाळीनंतर वर्ग अर्धा व्हायचा. पटावर नाव, बाकावर पोर नाही. आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर, आणि पोरं पाठोपाठ. पाडव्याच्या आसपास परत यायची, हाताला पाचटाचे चरे घेऊन, आणि पाढे विसरलेली. हजेरी घेताना मी त्यांची नावं रोज वाचायची. मुख्याध्यापक म्हणायचे, "बाई, गैरहजर मांडून मोकळ्या व्हा ना." पण नाव उच्चारायचं मी कधी सोडलं नाही. बांगोबद्दल कळलं तेव्हा मला तो हजेरीपट आठवला.

त्या मजुरांच्या डब्यातली सुशीही वेगळी. तळलेल्या टोफूच्या पिशवीत भरलेला गोडसर भात, इनारी. हवाईत आकारामुळे तिला ‘कोन सुशी’ म्हणतात, आणि ती झगमगीत काउंटरवर नव्हे तर ओकाझुया नावाच्या घरगुती खानावळींत मिळते. मला विचाराल तर तीच अधिक चवदार.

लाहैनात जोदो पंथाच्या देवळात ब्राँझचा मोठा बुद्ध आहे, १९६८ मध्ये पहिल्या जपानी मजुरांच्या शताब्दीनिमित्त बसवलेला. गावच्या चौकात १८७३ मध्ये लावलेला वड आहे, तो तर भारतातून आणलेला! ८ ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात गाव जळालं, शंभरावर माणसं गेली. देऊळ जळालं, बुद्ध राहिला. वड होरपळला आणि काही आठवड्यांत पुन्हा पालवला. लेकीने फोटो पाठवला होता.

आता एक काम. १८३४ पासून मॉरिशसच्या उसासाठी आपलीही माणसं गेली, त्यात रत्नागिरीकडची पुष्कळ. त्यांनाही नंबर होते, आणि त्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. आपल्या नात्यात कुणाच्या घरी ‘मिरचच्या बेटावर गेलेला’ पूर्वज सांगतात का? मॉरिशसचं जुनं नाव आपल्याकडे मिरिच असंच होतं. नाव, गाव, काही आठवत असेल तर मला कळवा. मी वही घातली आहे.