माणसाळवण्याची पारधी विद्या

रानातून नुकत्याच धरून आणलेल्या, माणूस दिसताच भेदरणाऱ्या जनावराला हाताला लावणे हा वऱ्हाडात एका समाजाचा पिढीजात धंदा होता. तो समाज म्हणजे पारधी. बडनेऱ्याहून चांदूर रेल्वेकडे जाताना लागणारे मालखेड-पोहऱ्याचे रान आणि अकोला-वाशीमकडची गवताळ माळराने हा त्यांचा मुलूख. त्यांच्या वस्तीला इकडे आजही बेडा म्हणतात. घरात गुजरातीशी नाते सांगणारी पारधी बोली, बाजारात वऱ्हाडी, आणि आडनावे पवार, चव्हाण, सोळंके अशी.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पारध्यांचे पोटभेद धंद्यावरून दिले आहेत. फासे लावणारे फासेपारधी, बैलाच्या आडून सावजाजवळ जाणारे गायके, माकडांचे खेळ करणारे बंदरवाले, चित्त्याकडून शिकार करवणारे चिता पारधी. जात्याला टाकी लावून देणारे टाकणकारही त्यांच्यातलेच. या यादीतले निम्मे धंदे जनावर माणसाळवल्याशिवाय चालणारच नव्हते, आणि प्रत्येक जनावराची तऱ्हा वेगळी होती.

सगळ्यात साधे काम तितराचे. तितर मोठा भांडखोर पक्षी. आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचा आवाज आला की तो लढायला धावतो. या स्वभावाचा फायदा घ्यायला पारध्याला स्वतःचा बोलका तितर लागायचा. पिल्लू लहानपणीच धरायचे, लहान पिंजऱ्यात ठेवायचे आणि वर फडके टाकायचे. अंधारात पाखरू फडफडत नाही, स्वतःला जखमी करून घेत नाही. मग वाळवीचे ढेकूळ फोडून एकेक वाळवी बोटांनी पुढे करायची. वाळवी म्हणजे तितराचे पक्वान्न. भीतीपेक्षा भूक वरचढ ठरली की चोच बोटाला लागते. पुढे फडके थोडे थोडे वर सरकवायचे, पिंजरा माणसांच्या घोळक्यात ठेवायचा, आणि शेवटी पाखराला मोकळे सोडून चुचकारत मागे चालवायचे. चांगला माणसाळलेला तितर धन्याच्या पायाशी चालतो, मातीत अंग घुसळतो आणि हाकेसरशी पिंजऱ्यात परततो. शिकारीच्या दिवशी पिंजरा झुडपाआड ठेवायचा आणि भोवती फासे मांडायचे. आतला तितर बोलला की रानातला चिडून धावत यायचा तो थेट फाशात.

गायक्यांचे काम उलट्या अंगाने चाले. त्यांचा बैल मुळातच माणसाळलेला असे. त्याला शिकवायचे ते एवढेच की मालकाच्या इशाऱ्यावर रेंगाळत, चरत चरत पुढे सरकायचे आणि थांबायचे. चरणाऱ्या बैलाला काळवीट बुजत नाही, आणि बैलाच्या पोटाआड वाकलेला माणूस त्याला दिसत नाही.

खरी कसोटी लागायची ती चित्त्यापाशी. चित्त्याचे बछडे धरून वाढवण्यात अर्थ नसतो, हे पारधी जाणून होते. शिकार आई शिकवते. माणसाच्या घरात वाढलेला चित्ता माणसाळतो, पण काळवीट धरत नाही. म्हणून पूर्ण वाढलेला, शिकारीत तरबेज चित्ताच धरावा लागे. चित्ते ठरावीक झाडांपाशी येऊन नखे घासतात, खेळतात. अशा झाडाभोवती हरणाच्या वाळवलेल्या स्नायूंचे फासे लावून ठेवत. चित्ता अडकला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, खाटेला जखडून त्याला वस्तीवर आणले जाई.

यानंतरचा प्रकार निष्ठुर होता. जनावराला काही दिवस उपाशी ठेवून त्याची रग जिरवत. डोळे झाकलेले, पाय बांधलेले. त्याच्याजवळ बाया आणि पोरे दिवसभर बसवत आणि सारखे बोलत राहायला सांगत, म्हणजे माणसाचा आवाज त्याच्या कानांत मुरावा. रसेलच्या ग्रंथात हे वर्णन आहे, आणि त्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट बायापोरांची ही बडबड आहे. फास लावणे हे पुरुषाचे कसब म्हणून मिरवले गेले. चित्ता खऱ्या अर्थाने माणसाळला तो बेड्यावरच्या बायांमुळे. घास पळीवरून, माणसाच्या हातूनच मिळायचा. चित्ता थोडा शांत झाला की त्याला गजबजलेल्या रस्त्यावर बांधून ठेवत. गाड्या, कुत्री, भांडणारी माणसे या सगळ्यांचे त्याला काही वाटेनासे होईपर्यंत तो तिथेच. जॉन लॉकवुड किपलिंग यांनी १८९१ सालच्या पुस्तकात पाहिलेले लिहून ठेवले आहे: राजेरजवाड्यांकडचा चित्ता आणि त्याचा राखणदार एकाच खाटेवर, एकाच पांघरुणात झोपत.

हे शिक्षण किती दिवसांत व्हावे, यावर अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहिले आहे. पूर्वी तीन महिने, फार खपले तर दोन महिने लागत. अकबर बादशहाने लक्ष घातल्यापासून अठरा दिवसांत चित्ता तयार होतो, असे तो म्हणतो. दरबारी लेखकाची ही बढाई थोडी सोडूनच वाचावी.

महाराष्ट्रात या विद्येला शेवटचा मोठा आश्रय मिळाला तो कोल्हापुरात. छत्रपती शाहू महाराज आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराज यांच्या काळात तिथे चित्त्यांचा मोठा लवाजमा होता, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना चित्तेवान म्हणत. डोळ्यांवर कातडी टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत, टोपी काढून सोडत. शिकार झाली की सावजाचे रक्त पळीत धरून त्याच्यापुढे करत, आणि तो ते चाटत असताना टोपी पुन्हा चढे. तोवर देशी चित्ते मिळेनासे झाले होते. त्यामुळे कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले.

शेकडो वर्षे माणसाच्या खाटेवर झोपूनही चित्ता पाळीव झाला नाही. मोठे कारण एकच, पिंजऱ्यात त्याची वीण सहसा होत नसे. जहांगीराच्या पदरच्या एका जोडीला पिल्ले झाल्याची नोंद त्याने आत्मचरित्रात नवल म्हणून केली. त्यानंतर बंदिवासात चित्त्याचे पिल्लू जन्मल्याची नोंद थेट १९५६ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात सापडते. म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरावा लागे आणि पहिल्या दिवसापासून नव्याने माणसाळवावा लागे. एका जनावराला माणसाळवणे वेगळे आणि त्याची जात पाळीव करणे वेगळे.

याच्या अगदी उलट गोष्ट शहरांतल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या हॅमस्टरची आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले सॉल ॲडलर काळा आजारावर संशोधन करत होते. प्रयोगांसाठी हॅमस्टर चीनमधून मागवावे लागत आणि त्यांची वीण होईना. तेव्हा प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल आहारोनी यांनी १९३० साली सीरियातल्या अलेप्पोजवळ शेतातले बीळ खणून सोनेरी हॅमस्टरची एक मादी आणि तिची ११ पिल्ले मिळवली. भेदरलेल्या आईने त्यातल्या एका पिल्लाला मारले. उरलेल्यांतलीही काही लाकडी पिंजरा कुरतडून पळाली, काही दगावली. जी मूठभर वाचली त्यांची वर्षभरात दीडशेच्या घरात प्रजा झाली. १९३१ साली ॲडलर यांनी कोटाच्या खिशात घालून काही हॅमस्टर इंग्लंडला नेले. आज घरोघरी असलेले जवळजवळ सगळे सोनेरी हॅमस्टर या एका बिळाचे वंशज आहेत.

एवढ्या पिढ्या पिंजऱ्यात जन्मूनही नवा हॅमस्टर घरी आला की भेदरलेलाच असतो. तो निशाचर, त्याची नजर अधू, ओळख सगळी वासावर. त्याला पहिले काही दिवस हात लावू नये, दिवसा झोपेतून उठवू नये, पिंजऱ्याजवळ बसून हळू आवाजात बोलत राहावे. मग संध्याकाळी सूर्यफुलाचे बी तळहातावर ठेवून हात नुसता आत टेकवावा. वरून झडप घालून उचलले तर तो चावणारच, कारण वरून येते ती घार किंवा घुबड. अंधार, आवाज, वास, हातातला घास: साधने पारध्यांचीच आहेत. फक्त उपासमार आणि दोऱ्या गेल्या.

वऱ्हाडातली ही विद्या मात्र पारध्यांच्या हातून हळूहळू सुटत गेली. १८६७ साली मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली, १८७१ साली बडनेऱ्याहून अमरावतीचा फाटा निघाला. कापसाला भाव होता. माळराने नांगराखाली गेली आणि काळविटांचे कळप आटले. १८७१ सालीच गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढे फिरस्त्या पारध्यांवरही त्याचा बडगा पडला. भटकणे हाच संशय ठरला. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण गावकुसातला संशय रद्द झाला नाही. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले पाखरू धरणेही गुन्हा ठरवले. कायदा योग्यच होता. पण फास सोडून काय करायचे, याचे उत्तर बेड्यांना कोणी दिले नाही.

अलीकडे अकोला-वाशीम भागातल्या काही फासेपारध्यांनी माळराने राखण्याचे आणि दुर्मिळ तणमोराच्या संवर्धनाचे काम हाती घेतले आहे. पाखराचा माग काढण्याची त्यांची नजर तिथे कामी येते. धरणे आणि माणसाळवणे संपले. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत मात्र पारधी या नोंदीखाली फासेपारधी, शिकारी, टाकणकार यांच्याबरोबर ‘चिता पारधी’ हे नाव अजून आहे.