अभिजात गाडी आणि तिची गोष्ट

१९८३ साली टोयोटाने जपानमध्ये ‘एई ८६’ ही छोटी स्पोर्ट्स कार आणली. इंजिन १५८७ सीसीचे, गती मागच्या चाकांना. तिचे उत्पादन १९८७ मध्ये थांबले. १९९५ पासून शुइची शिगेनो यांच्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथामालिकेत टोफू पोहोचवणारा मुलगा ती घाटात चालवू लागला आणि जुन्या गाडीला नवे चाहते मिळाले. आज ती निगुतीने जपली जाते. ग्रंथाप्रमाणे यंत्रालाही अभिजातपण वाचकच देतात, ते असे.

त्याच वर्षी डिसेंबरात सुझुकीच्या सहकार्याने ७९६ सीसीची मारुती ८०० भारतात आली. नांदगाव पेठवरून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने वऱ्हाडाने पाहिलेले जपान बहुधा हेच: लग्नाला, दवाखान्याला नेणारे, कुटुंबवत्सल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘विंटेज’ ठरण्यास वाहन ५० वर्षांहून जुने असावे लागते. पहिल्या मारुतीला ते वय २०३३ मध्ये येईल. तोवर कितीतरी गाड्या भंगारात गेलेल्या असतील. नियम वय मोजतो. जपण्याचे कारण गोष्ट पुरवते. या गाडीची वऱ्हाडी गोष्ट लिहिणे हे आपलेच काम आहे.