सूर्यफुलाची भावकी



करडई आणि कारळा आपल्या रानात आजा-पणजापासून आहेत. सूर्यफूल मात्र पाहुणं. तेलाचं पीक म्हणून आपल्या देशात ते १९६९ ला आलं, तेही रशियातून.

त्याचं मूळ गाव उत्तर अमेरिका. तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजार वर्षांपूर्वीच रानटी झाड निवडत निवडत त्याचं पीक केलं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं. तिथं बरीच वर्षं ते बागेतलं शोभेचं फूल होतं. तेलाचा मान मिळाला रशियात. तिथल्या ख्रिस्ती लोकांना मोठ्या उपवासात लोणी-चरबी चालत नसे, हे तेल चालायचं. पुढं क्रास्नोदारला पुस्तोव्होइत या शास्त्रज्ञानं निवड पद्धतीनं दाण्यातलं तेल ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ५० च्या घरात नेलं.

आता भावकी बघा. करडई, कारळा, झेंडू, शेवंती, सगळी सूर्यफुलाच्याच कुळातली. खूण सोपी आहे. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलाचा एकेक दाणा म्हणजे एकेक वेगळं फूलच.

भावकीनं उपकारही केले. १९६९ लाच फ्रान्समध्ये लेक्लर्क यांनी रानटी भाऊबंदाशी संकर करून नर-वंध्य वाण मिळवला. त्यामुळं संकरित बी तयार करणं सोपं झालं. आपल्याकडचा पहिला संकरित वाण बीएसएच-१, साल १९८०.

आणि वैरही भावकीतूनच आलं. गाजरगवत याच कुळातलं, अमेरिकेतूनच आलेलं. पुण्यात त्याची नोंद १९५५ ची. १९९७ ला कर्नाटकात बागेपल्लीकडं सूर्यफुलावर नेक्रोसिस दिसला. पानं करपतात, शेंडा वाकडा होतो, फूल नीट उमलत नाही, दाणा भरत नाही. गाजरगवतात हा विषाणू असतो, पण वरून झाड ठणठणीत दिसतं. त्याच्या परागकणातून आणि फुलकिड्यांमार्फत तो सूर्यफुलात येतो.

नव्वदच्या दशकात देशात सूर्यफूल जोरात होतं, आज क्षेत्र फारच कमी राहिलंय आणि तेल बाहेरून येतंय. पडलेला भाव, पाखरांचा त्रास अशी कारणं बरीच आहेत. हा रोगही त्यातलाच एक.

लागण झाल्यावर विषाणूवर कुठलीच फवारणी चालत नाही. जे करायचं ते आधीच. बांधावरचं, वाटेकडंचं गाजरगवत फुलोऱ्यात यायच्या आत मुळासकट उपटा. अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घाला. प्लॉटच्या कडेनं ज्वारीच्या चार ओळी थोड्या आधी पेरा, फुलकिड्यांना आडोसा होतो. शेजाऱ्यालाही सांगा. एकट्याचा बांध साफ करून भागत नाही, वारं सगळ्यांच्याच रानातून जातं.