अंगण वाकडे असते तेव्हा

‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनी इतर अनेक वस्तूंबरोबर तीही सोबत आणली. आपले उणे दुसऱ्याच्या माथी मारणाऱ्याची तीत थट्टा आहे. परंतु अंगण खरोखरच वाकडे असेल तर ते ओळखावे कसे, याविषयी ती म्हण काही सांगत नाही. नेमबाजीच्या इतिहासाला मात्र हा प्रश्न टाळता आला नाही. गोळी चुकली, तर दोष हाताचा मानावा की हत्याराचा? या प्रश्नाचा निवाडा करण्याची रीत कशी घडली, आणि स्पर्धेच्या पिस्तुलावरील ‘कॉम्पेन्सेटर’ नावाच्या लहानशा उपकरणाने तो प्रश्न पुन्हा कसा उभा केला, हे आम्ही येथे मांडणार आहोत.

प्रारंभ इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्स यांच्यापासून करणे योग्य होईल. त्यांचा तोफविद्येवरील ग्रंथ 1742 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी गोल असे. उत्तम नेमबाजाचीही गोळी कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाई. रॉबिन्स यांचे म्हणणे असे की, गोळी नळीच्या एका बाजूस घासून निघते, त्यामुळे तिला फिरकी मिळते आणि हवेत ती वळते. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी एक नळी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि गोळीच्या वाटेत पातळ कागदाचे पडदे उभे केले. पडद्यांवरील भोके पाहता गोळी आधी डावीकडे गेली व पुढे उजवीकडे वळली, असे दिसून आले. अंगण वाकडे आहे की नाही हे कळण्यासाठी रॉबिन्स यांनी ते स्वतःच वाकडे करून पाहिले! हेच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे मुख्य अभियंता म्हणून किल्ल्यांच्या डागडुजीसाठी हिंदुस्थानात आले आणि 1751 मध्ये कडलूरजवळील फोर्ट सेंट डेव्हिड येथे निवर्तले.

पुढे नळीला आतून पीळ देण्याची पद्धत रूढ झाली, गोळी लांबट झाली, तरी भटकणे पूर्ण थांबले नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड येथील डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी या विषयाला आयुष्याची अनेक वर्षे दिली आणि 1909 मध्ये आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मानवी हाताचा संबंधच राहू नये म्हणून त्यांनी नळी भक्कम बैठकीवर ठेवून झाडली. मग एकेक गोळी जाणूनबुजून बिघडवली. गोळीचे टोक विद्रूप केले असता नेम फारसा बिघडत नाही. परंतु बुडाची कड थोडी जरी एका बाजूने झिजली, तरी गोळी दूर भरकटते, असे त्यांना आढळले. कारण असे की, गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा तप्त वायू तिच्या बुडाभोवतून उसळतो. बूड सारखे नसेल तर तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. नेमाचे भवितव्य त्या शेवटच्या तसूभर वाटेत ठरते.

कॉम्पेन्सेटर बसतो तो नेमका याच जागी. अमेरिकी मरीन दलातील अधिकारी रिचर्ड कट्स आणि त्यांचे चिरंजीव यांनी 1920 च्या दशकात घडवलेला कॉम्पेन्सेटर थॉम्पसन बंदुकीवर प्रसिद्धीस आला. त्याचे तत्त्व सोपे आहे. गोळीमागून येणारा वायू वरच्या खाचांतून बाहेर पडतो आणि नळीचे तोंड खाली दाबतो. समोरच्या भिंतीवर आपटणारा वायू हत्यार पुढे ओढतो. त्यामुळे झाडल्यावर येणारी उसळी कमी होते आणि दुसरी गोळी लवकर झाडता येते. 1976 मध्ये अमेरिकेतील कोलंबिया येथे व्यावहारिक नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत वेळेला महत्त्व होते, आणि जोरकस काडतुसाला कडेवरच्या नेमासाठी अधिक गुण मिळत. साहजिकच 1980 च्या दशकात कॉम्पेन्सेटरचा प्रसार झाला. रॉब लेदम आणि ब्रायन एनोस यांनी त्यासाठी ‘.38 सुपर’ हे काडतूस निवडले. कारण त्यात दारू अधिक, म्हणजे कॉम्पेन्सेटरला वायूही अधिक.

या काडतुसाची कथाही बोलकी आहे. ते 1929 पासून प्रचारात होते, पण ‘नेम न धरणारे’ म्हणून बदनाम होते. बुडाशी किंचित बाहेर आलेल्या अरुंद कडेवर ते नळीत टेकत असे, त्यामुळे दर वेळी त्याची बैठक सारखी राहत नसे. अर्विंग स्टोन या नळी बनवणाऱ्या कारागिराने काडतूस पुढच्या तोंडाशी टेकेल अशी नळी घडवली, आणि कित्येक दशकांचा कलंक पुसला गेला. दोष काडतुसाचा नव्हता, बैठकीचा होता.

आता कॉम्पेन्सेटर बसवलेले पिस्तूल गोळ्या विखरू लागले, तर या पूर्वसूरींच्या मार्गानेच जावे लागते. प्रथम पिस्तूल यंत्राच्या पकडीत धरून झाडावे, म्हणजे हात वेगळा होतो. मग लक्ष्यावरची भोके पाहावीत. ती लांबट असतील तर गोळी हवेत आडवी होत आहे. कॉम्पेन्सेटरच्या आतील पडद्यांची भोके तपासावीत. एका कडेवर चकचकीत ओरखडा असेल तर गोळी तेथे घासते, म्हणजेच कॉम्पेन्सेटर नळीच्या रेषेत नाही किंवा त्याचे आटे सैल झाले आहेत. नेम हळूहळू बिघडत गेला असेल तर भोकांभोवती साचलेल्या शिशाचा व काजळीचा संशय घ्यावा. काहीच आढळले नाही तर कॉम्पेन्सेटर उतरवून पुन्हा झाडावे. गोळ्या एकत्र आल्या तर गुन्हेगार सापडला. न आल्यास नळीच्या तोंडाची कड, नळीची बैठक, काडतूस आणि दृष्टियंत्राचे स्क्रू असा क्रम लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हे पथ्य मात्र मोडू नये. दोन गोष्टी एकदम बदलणारा कदाचित पिस्तूल सुधारेल, पण कारण त्याच्या हाती लागणार नाही.

ऑलिंपिकच्या नियमकर्त्यांनी या प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने दिले. 25 मीटर जलदगती पिस्तूल प्रकारात 2004 च्या अथेन्स स्पर्धेपर्यंत सौम्य आखूड काडतूस आणि वायू सोडणाऱ्या भोकांची नळी चालत असे. 2005 पासून दोन्ही गेली. उसळी सोसण्याचे काम पुन्हा मनगटाकडे आले. इंदूरच्या वाचकांस शेजारच्या महूचे सैनिकी नेमबाजी पथक ठाऊक असेल. तेथील विजय कुमार यांनी 2012 मध्ये लंडनला याच प्रकारात रौप्यपदक मिळवले, ते या नव्या नियमांखाली. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे 2018 च्या आशियाई स्पर्धेतील 25 मीटर पिस्तूलचे सुवर्णही कॉम्पेन्सेटरविनाच आले.

हत्याराचे साहाय्य घ्यावे की नाकारावे, यावर मतभेद राहतील. परंतु निवाड्याची रीत एकच आहे. चुकलेल्या नेमबाजास तत्काळ दोष देणे अन्यायाचे, आणि हत्यारास दोष देऊन मोकळे होणे आळसाचे. म्हण खोटी नाही. पण नाचणाऱ्याला हसण्यापूर्वी अंगणाला ओळंबा लावून पाहण्याचे कष्ट कोणी तरी घ्यावे लागतात. रॉबिन्स, मान आणि स्टोन यांनी ते घेतले, म्हणून त्यांची आठवण ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.