निलगिरीचे तोडा : म्हशींभोवती उभे राहिलेले जीवन

चेन्नई : गुरांवर अवघी समाजरचना कशी उभी राहते, हे सांगताना मानववंशशास्त्रज्ञ बहुधा नाईलच्या वरच्या खोऱ्यातील दिंका व नुएर किंवा पूर्व आफ्रिकेतील मसाई या नायलोटिक लोकांचा दाखला देतात. तसाच दाखला तामिळनाडूतील निलगिरी पठारावर तोडा जमातीच्या रूपाने आढळतो. मद्रासच्या शासकीय संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनी १८९६ मध्ये संग्रहालयाच्या पत्रिकेत तोडांविषयी लिहिले. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांचा तोडांवरील ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे साम्य उपजीविकेचे आहे, रक्ताचे नव्हे. तोडांच्या उगमाविषयी इस्रायलपासून सुमेरपर्यंत अनेक तर्क लढवले गेले. त्यांची भाषा मात्र द्राविडी आहे. नुएर गुरांचे मांस खातात, तोडा परंपरेने शाकाहारी आहेत. नायलोटिकांचा जीव गाय-बैलांत, तर तोडांचा म्हशींत. म्हशींचे काही कळप पवित्र मानले जातात. त्यांचे दूध विधिपूर्वक नेमलेला पुजारीच काढतो आणि दुग्धमंदिरातच घुसळतो. स्त्रियांना तेथे प्रवेश नसतो. मृताच्या परलोकप्रवासात सोबत व्हावी म्हणून अंत्यविधीत म्हशीचा बळी देण्याची प्रथा होती. धान्य बडगांकडून, तर मडकी व लोखंडी अवजारे कोटांकडून येत. मोबदल्यात तोडा तूप देत.

तोडांच्या वस्तीला ‘मंड’ म्हणतात. उटीच्या ऊटकमंड या जुन्या नावात तो शब्द आजही ऐकू येतो.

या जीवनावर घाला आला तो कुरणांच्या नाशामुळे. ब्रिटिश काळापासून पठारावरील गवताळ जमिनीवर चहा आणि बटाटा आला. तिला पडीक समजून युकॅलिप्टस व वॅटल या ऑस्ट्रेलियन वृक्षांची लागवडही झाली. मराठीत युकॅलिप्टसलाच ‘निलगिरी’ म्हणतात, हा योगायोग तोडांच्या दृष्टीने काहीसा क्रूरच. गवत गेले, तसे कळप रोडावले. अर्धगोलाकार मंदिरे शाकारायलाही त्याच रानातले गवत लागते.

केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत समाविष्ट असलेल्या तोडांची लोकसंख्या अवघी दोन हजारांच्या आसपास आहे. पांढऱ्या शालीवर लाल-काळ्या धाग्यांनी केल्या जाणाऱ्या त्यांच्या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे काम स्त्रिया करतात आणि त्याला शहरांत गिऱ्हाईक आहे. दुग्धमंदिरांपैकी अनेक मात्र कळप आणि पुजारी यांवाचून बंद पडली आहेत.