दोन शेगाव आणि आवाजाच्या ॲपमधली पाटी

बसमध्ये नेटवर्क जातं किंवा इअरफोन घरी राहतो, अशा सगळ्यांसाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. विषय कोडचा आहे, पण सुरुवात टपालापासून करतो.

वर्धा शहराजवळ सेवाग्राम आहे. शाळेची सहल तिथे गेली नाही असा आमच्या जिल्ह्यातला पोरगा सापडणार नाही. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले तेव्हा गावाचं नाव होतं शेगाव. आता गंमत बघा. बुलढाणा जिल्ह्यातही शेगाव आहे, गजानन महाराजांचं, आणि तिथे रेल्वे स्टेशनही आहे. गांधीजींना देशभरातून पत्रं यायची. पाकिटावर 'शेगाव' वाचलं की काही पत्रं सरळ तिकडे जायची. शेवटी १९४० मध्ये आपल्या शेगावचं नाव 'सेवाग्राम' झालं आणि गोंधळ मिटला.

लहानपणी मला ही नुसती गोष्ट वाटायची. आज व्हॉइस ॲपचं कोड लिहिताना वाटतं, अरे, हा तर आपलाच बग आहे! पत्र बरोबर, पत्ता बरोबर, पोहोचवणारेही प्रामाणिक. फक्त एकच पाटी दोन दारांवर लागली होती.

आवाजाच्या तंत्रज्ञानाचा सगळा इतिहास मला याच एका प्रश्नाचा वाटतो: माणूस काहीतरी बोलला, आता उत्तर कोणी द्यायचं?

सेवाग्राम आश्रमात एक जुना टेलिफोन आजही जपून ठेवलाय. व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवला होता. तिथे प्रश्नच नाही, कारण ठरलेला माणूस ठरलेल्या माणसाला फोन करणार. अडचण येते ती शंभर जणांनी शंभर गोष्टी विचारल्यावर.

भारतात कलकत्ता, मुंबई आणि मद्रासला टेलिफोन एक्सचेंज सुरू झाले १८८२ मध्ये. फोन उचलायचा, ऑपरेटरला सांगायचं, तो हाताने वायर जोडून द्यायचा. म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू ओळखणारं पहिलं यंत्र माणूसच होता. पण कोणाचा फोन कुठे जोडला, हे फक्त त्यालाच माहीत. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्रॉजर नावाचा अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस होता. गोष्ट अशी सांगतात की ऑपरेटर बाई त्याची गिऱ्हाइकं दुसऱ्याच दुकानाला जोडून द्यायची. चिडून त्याने ऑपरेटरच नको असं यंत्र काढलं, आणि १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं. पुढे डायल आला, मग बटणं आली, मग 'मराठीसाठी एक दाबा' आलं. चूक कमी झाली, पण माणसाला यंत्राची भाषा शिकावी लागली. आपला प्रश्न कितव्या बटणात बसतो हे आपणच ओळखायचं.

आता २००४ सालाकडे या. जानेवारीत किसान कॉल सेंटर सुरू झालं. नंबर १८००-१८०-१५५१, फोन फुकट, बोलणं आपल्या भाषेत. पलीकडे शेतीत पदवी घेतलेला माणूस, आणि त्याला जमलं नाही तर प्रश्न वरच्या तज्ज्ञाकडे. हे 'वरच्या तज्ज्ञाकडे' लक्षात ठेवा, त्यावर परत येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पायथन २.४ आलं आणि त्यात डेकोरेटर आले. फंक्शनच्या डोक्यावर ॲट चिन्ह लावून एक पाटी टांगायची सोय. चिन्ह कोणतं घ्यायचं यावर तेव्हा पायथनवाल्यांत भरपूर वाद झाले. २००८ मध्ये तीच पाटी अख्ख्या क्लासवर लावता यायला लागली. या दोन गोष्टींचा आपसात काही संबंध नाही. माझ्या घरी मात्र त्या एकत्र आल्या.

आमची शेती हिंगणघाटकडे. कापूस, सोयाबीन, तूर. बीटेक झाल्यावर नोकरीच्या पहिल्या वर्षात मी हौसेने बाबांसाठी छोटं व्हॉइस ॲप केलं. तोवर अलेक्सा भारतात आली होती (२०१७) आणि गुगल असिस्टंट मराठी बोलायला लागला होता (२०१८). बोलण्याचं लिखाण करून देणारी सेवा तयार मिळत होती. मला फक्त ठरवायचं होतं की कोणत्या वाक्याला कोणता कोड उत्तर देईल. यात हेतूला इंटेंट म्हणतात आणि उत्तर देणाऱ्या कोडला हँडलर.

मी काय केलं? एकच फाइल, त्यात भलीमोठी इफ-एल्सची माळ. वाक्यात 'भाव' असेल तर बाजारभाव. 'उद्या' किंवा 'पाऊस' असेल तर हवामान. 'फवारणी' असेल तर औषधाची माहिती. अशा चाळीसेक अटी.

बाबांनी विचारलं, "उद्या पऱ्हाटीवर फवारा मारू का?"

ॲप म्हणालं, "उद्या पावसाची शक्यता नाही."

बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजे मार म्हणते का?"

माझ्या पोटात गोळा आला. ॲप फवाऱ्याबद्दल काही बोललंच नव्हतं. 'उद्या' आधी सापडलं, हवामानाने उत्तर देऊन टाकलं. आणि मी 'फवारणी' लिहिलं होतं, बाबा 'फवारा' म्हणाले. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेलेत. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने विदर्भात कापूस खाल्ला होता. आमच्याकडे हा प्रश्न कोणी गंमत म्हणून विचारत नाही. ॲप 'समजलं नाही' म्हणालं असतं तर चाललं असतं. ते चुकीच्या दारातून बरोबर वाटेल असं बोललं, धोका तिथे होता.

बाबांना तेवढं तांत्रिक काही नव्हतं. "म्या काय इचारलं अन् हे काय सांगून रायलं!" म्हणत ते उठून गेले. मी ती माळ परत वाचली, तर अमुक वाक्य कुठे जाईल हे मलाही सांगता येईना. जुन्या ऑपरेटरसारखंच झालं होतं, सगळी जोडणी एकाच ठिकाणी आणि कोणाला न दिसणारी.

मग मी सगळं परत लिहिलं, यावेळी पाट्या लावून. प्रत्येक विषयाचा स्वतःचा क्लास, आणि क्लासच्या डोक्यावर @इंटेंट("फवारणी") अशी ओळ. त्याच क्लासमध्ये लोक कसं कसं बोलतात त्याची यादी: फवारणी, फवारा, औषध मारू का, पंप मारायचा का. तिथेच उत्तर, आणि तिथेच पुढचे प्रश्न: पीक कोणतं, अळी कोणती, मागचा फवारा कधी झाला. क्लास यासाठीच बरा पडतो. फवारणी एका वाक्यात संपत नाही, ते संभाषण असतं.

आतून हे काम साधं आहे. पायथन फाइल वाचताना क्लास तयार होतो आणि डेकोरेटरच्या हातात पडतो. डेकोरेटर एका रजिस्टरमध्ये नोंद करतो: फवारणी आली की हा क्लास. आणि क्लास जसाच्या तसा परत देतो. परत द्यायला विसरलात तर क्लासच्या नावाखाली काहीच उरत नाही. मी विसरलोय, म्हणून सांगतो.

फ्लास्कने २०१० मध्ये वेबसाठी पाटीची हीच पद्धत लोकप्रिय केली. २०१६ मध्ये फ्लास्क-आस्कने ती अलेक्सासाठी आणली. अलेक्साच्या पायथन एसडीकेमध्ये क्लासचीही सोय आहे. तिथे प्रत्येक हँडलरला ओळीने विचारतात, 'हे तुला जमेल का?' पहिला जो हो म्हणेल तो उत्तर देतो. म्हणजे रांगेतला क्रम चुकला तर माझ्या 'उद्या'सारखंच होणार.

पाटी लावली म्हणून सगळं सुटत नाही. माझ्या वहीत तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत.

पहिली, दोन शेगाव. रजिस्टर म्हणजे साधी डिक्शनरी असेल तर एकाच नावाचा दुसरा क्लास पहिल्याला गुपचूप पुसून टाकतो. म्हणून नोंद करतानाच तपासायचं. नाव आधीच असेल तर ॲप चालूच होऊ द्यायचं नाही.

दुसरी, न उघडलेली फाइल. डेकोरेटर फाइल इम्पोर्ट झाल्यावरच चालतो. पीकविम्याचा क्लास मी लिहिला, पाटी लावली, फाइल इम्पोर्ट करायला विसरलो. दोन दिवस पीकविम्याचं उत्तर 'समजलं नाही'. दुकान आहे, पाटी आहे, पण गावाच्या नकाशातच नाही.

तिसरी, वरचा तज्ज्ञ. कुठल्याच पाटीत न बसणाऱ्या प्रश्नासाठी फॉलबॅक हँडलर असतो. बरेच जण तिथे काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेतात. माझं ॲप फवारणीबद्दल थोडीही शंका आली की औषधाचं नाव घेत नाही. ते म्हणतं, "हे मला नक्की सांगता येणार नाही, किसान कॉल सेंटरला विचारा," आणि नंबर सांगतं. बाबांना हे उत्तर सगळ्यात पटलं.

आणखी एक. जून २०२३ मध्ये गुगलने असिस्टंटवरचे बाहेरच्यांनी बनवलेले संभाषणाचे ॲप बंद केले. ज्यांचं उत्तर देणारं कोड त्या प्लॅटफॉर्ममध्येच मिसळलेलं होतं, त्यांना सगळं नव्याने करावं लागणार. हँडलर वेगळे आणि पाट्या स्वच्छ असतील तर सामान उचलून दुसरीकडे मांडता येतं.

तुम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी व्हॉइस ॲप करत असाल तर कोड लिहिण्याआधी एक संध्याकाळ घरी बसा. आई, बाबा, आजी तोच प्रश्न कसा विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून काढा. 'पऱ्हाटी' हा शब्द मला कुठल्या डेटासेटने दिला नाही, तो घरातच होता. पाटीवर काय लिहायचं हे दारात येणाऱ्याला विचारूनच ठरतं.

तुमच्याकडे कापसाला काय म्हणतात, ते नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू!